सूरजागडचं लोखंड, चंद्रपूरचं ऊन

इकडे घुग्घुस-बल्लारपूरचा कोळसा, तिकडे एटापल्लीकडे सूरजागडचं लोहखनिज. कार्बन नॅनोट्यूबला लागतं काय? कार्बन आणि चिमूटभर लोखंड. मग चंद्रपूरच्या केमिस्ट्रीच्या मास्तरानं त्या नाही करायच्या, तर कोणी? मुंबईच्या आयआयटीतल्या मंडळींनी तर पूजेच्या कापरापासून केल्या. हे भाषण मी स्टाफरूममध्ये इतक्यांदा ठोकलं, की प्राचार्यांनी नळीची भट्टी मंजूर करून मला गप्प केलं.

भट्टी, ॲसिटिलीन, सातशे अंश, हे सगळं सोपं. मेख आहे ती कॅटॅलिस्टमध्ये. वायू लोखंडाच्या कणावर फुटतो, कार्बन कणात मुरतो, मुरेनासा झाला की नळी होऊन बाहेर पडतो. कण काही नॅनोमीटरचा असेल तर नळीही तशीच बारीक. कण चिकटून ढेकूळ झालं, की कार्बन त्यालाच गुंडाळतो आणि ते कोशातल्या किड्यासारखं आत गुदमरतं. म्हणून शहाणी माणसं शुद्ध फेरिक नायट्रेट पाण्यात विरघळवतात, ॲल्युमिनात मुरवतात, ढवळत सावकाश वाळवतात, मग भाजतात.

मी पडलो मुलखाचा अभिमानी. खनिजाचा खडा मिळवला, कुटून हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये उकळला. झालं फेरिक क्लोराइड. क्लोराइड मागे राहिलं की लोखंडाचे कण लवकर गोळा होतात, हे मीच एमएस्सीच्या पोरांना शिकवतो. आणि वाळवायला मे महिन्यात चंद्रपुरात ओव्हन लावायचा? गावाची अब्रू काय राहील! द्रावण ॲल्युमिनात कालवून परात गच्चीवर ठेवली. दुपारपर्यंत लोखंडानं पाण्यासोबत वर चढून तांबडा पापुद्रा धरला, खाली ॲल्युमिना पांढराफटक.

भट्टीतून निघालेली काळी पूड प्रयोगशाळेतल्या मामांनी चिमटीत चोळली. "सर, हे त काजळी होय जी. आपल्या गच्चीवर त रोजच पडते."

तरी नागपूरला जाऊन नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. ढेकळंच ढेकळं, आणि मधोमध एक लांब, देखणी, पोकळ नळी! मी ऑपरेटरचा हात हातात घेतला. त्यानं तो सोडवून मापाची पट्टी दाखवली: जाडी वीस मायक्रॉनच्या आसपास. नॅनोट्यूबच्या हजारपट. आमच्या प्रयोगशाळेच्या दारात काटेसावर आहे. मे महिन्यात तिची बोंडं फुटतात, आणि मी नमुन्याची डबी उघडी ठेवली होती. सावरीच्या कापसाचा तंतू आतून पोकळच असतो.

प्राचार्यांना सांगितलं, "सर, पोकळ नळी मिळाली. फक्त आता नायट्रेटची बाटली लागेल." त्यांनी मान न उचलता सही केली. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.