४४ अंशांत काळोखाची शिफारस

सोलापूरच्या माणसाने शिफारस करायचीच तर शेंगाचटणीची करावी. पुण्याचा पाहुणा निघताना स्वतःहून विचारतो, आपण दुकान सांगतो, तो किलोभर बांधून घेतो आणि दोघांचंही भलं होतं. मी मात्र कुणी न विचारता लोकांना डार्क रॉक सुचवत फिरतो. म्हणजे ते संगीत, ज्यात गिटार जड पावलांनी येते, ड्रम कुठूनतरी लांबून वाजतात, गाणारा बहुधा तळघरात असतो आणि त्याला वर यायची काडीचीही घाई नसते.

पहिली अडचण हवामानाची. हे संगीत मुख्यतः इंग्लंडातलं. तिथे डिसेंबरात दुपारी चारलाच अंधारून येतं. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी चारला डोळे घट्ट मिटले तरी उजेड पापण्यांतून आत घुसतो. अशा वेळी कुणाला धुक्यातलं गाणं ऐकवायचं म्हणजे आधी पडदे ओढा, कूलर लावा, मग कूलरच्या घरघरीत गाणं शोधा.

सुरुवात ब्लॅक सॅबथपासून करावी असं शास्त्र आहे. बर्मिंगहॅमच्या या चौघांचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला. त्या दिवशी शुक्रवार होता, आणि तेरा तारखेचा शुक्रवार तिकडे अशुभ मानतात. पहिलंच गाणं सुरू होतं ते धो धो पावसाने. मग गडगडाट, लांबवर चर्चची घंटा. अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ एकही वाद्य नाही. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा अशी सगळी व्यवस्था.

माझे सासरे मंगळवेढ्याचे, ज्वारीवाले. त्यांना हे ऐकवलं तर चेहरा उजळला. "हस्ताचा दिसतोय," म्हणाले. "कुठं पडला म्हणायचा?"

"इंग्लंडात, मामा."

"तिथं काय, रोजच पडतोय," ते हळहळले. तेवढ्यात गिटार सुरू झाली, तसा त्यांनी हात वर केला. "हे बंद करा अन् मघाचं परत लावा, जावईबापू."

त्याच वेळी बायको गच्चीवरच्या कुरडया उचलायला धावली होती. खाली आल्यावर ती जे बोलली ते कुठल्याही अल्बमपेक्षा डार्क होतं. पण खरा मुद्दा सासऱ्यांचाच. जिथे पावसाची वाट बघण्यात जन्म जातो, तिथे पावसाच्या आवाजाने कोण घाबरणार?

मग त्या गाण्याच्या सुरांवर भिस्त ठेवली. त्यातली मुख्य ओळ जेमतेम तीन सुरांची आहे, आणि तिच्यातल्या अंतराला युरोपात सैतानाचं अंतर म्हणत आले आहेत. हे मी आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्या काकांना दबक्या आवाजात सांगितलं. काकांनी पेटी ओढली, भाता हलवला आणि दुसऱ्या झटक्यात सूर पकडले. "सा, वरचा सा, तीव्र मध्यम. पुढे?"

"पुढे तेच, काका."

"यात सैतान कुठे आला? तीव्र मध्यम तर यमनात असतो. यमन आम्ही पोरांना पहिला शिकवतो." आणि तिथेच त्यांनी यमनचा एक आलाप घेतला. अर्ध्या युरोपाची भीती तीन मिनिटांत क्लासच्या पहिल्या धड्यात जमा झाली.

तरुणांकडे वळावं तर पुतण्या नव्या पेठेतून घेतलेला काळा टी-शर्ट घालून आला. छातीवर एकाखाली एक पांढऱ्या लाटा. मला भरूनच आलं. "हे कुणाचं आहे माहितीये?" "ब्रँड आहे, काका." मग त्याला बसवून सांगितलं की हे जॉय डिव्हिजनच्या १९७९ सालच्या अननोन प्लेझर्सचं मुखपृष्ठ आहे, त्या लाटा म्हणजे १९६७मध्ये सापडलेल्या पहिल्या पल्सारचे, अवकाशातून येणारे रेडिओ स्पंद, पोरं मँचेस्टरची, गायक इयन कर्टिस तेविसाव्या वर्षी गेला. त्यातल्या एका गाण्यात त्याचा आवाज दूरचा वाटावा म्हणून निर्मात्याने तो चक्क टेलिफोनच्या तारेवरून ध्वनिमुद्रित केला. पुतण्याने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "रेंज नव्हती का?" म्हणाला.

त्याला काय सांगणार? मँचेस्टर म्हणजे सुती गिरण्यांचं शहर, आणि त्या पोरांच्या वाढत्या वयात तिथल्या गिरण्या ओस पडल्या होत्या. आमची जुनी मिल १८७७ची. तिच्या मागोमाग आणखी गिरण्या आल्या, आणि पुढे एकेक करून बंद पडल्या. भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसं माझ्या लहानपणी घरोघर होती. भोंगा थांबल्यावरही काही दिवस ती त्या वेळेला खिडकीशी जाऊन उभी राहायची. त्या अल्बममध्ये प्रत्येक ठोक्यानंतर जी मोठी रिकामी जागा ऐकू येते ती मला परकी वाटत नाही. पण हे पुतण्याला सांगायचं तर आधी त्याला भोंगा समजवावा लागेल, आणि त्याला क्लासला जायचं होतं.

आत्याचं मत वेगळंच. "असलं उदास काय ऐकतोस रे, तिन्हीसांजेला?" हीच आत्या रात्री दिवे मालवून 'रात्रीस खेळ चाले' बघत होती आणि जाहिरातींत उठून दार नीट लागलंय का ते तपासत होती. ग्रेसच्या कविता हृदयनाथांच्या चालींत ऐकून डोळे पुसणारा हा समाज गिटार दिसली की एकदम आनंदी वृत्तीचा होतो.

क्युअर या बँडबद्दल माझा सल्ला रोखठोक आहे. ज्याचं लग्न नुकतंच मोडलंय त्याला त्यांचा १९८९चा डिसइंटिग्रेशन द्यावा. ज्याचं नुकतंच झालंय त्याला देऊ नये. त्यात काही गाण्यांत गायक रॉबर्ट स्मिथ तोंड उघडेपर्यंत दोन-दोन मिनिटं जातात, पण विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला त्याचं काय? फक्त एक पथ्य. हे मोठ्या आवाजात ऐका, असं त्याच्या वेष्टणावर छापलंय. ते वेष्टण शेजारच्यांना दाखवून उपयोग होत नाही.

माझी शिफारस खऱ्या अर्थाने लागू पडली ती अक्कलकोट रोड एमआयडीसीत. तिथे माझा एक मित्र टॉवेलचे लूम चालवतो. घरी तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी. त्याला मी लीड्सच्या सिस्टर्स ऑफ मर्सीबद्दल सांगितलं. लीड्सही कापडाचं गाव. यांच्याकडे ड्रम वाजवायला माणूस नाही, मशीन आहे, आणि तिचं नाव डॉक्टर ॲव्हलँच.

"डॉक्टर? प्रॅक्टिस कुठं करूलालाय?"

मग त्याने शेडच्या दारात उभं राहून हेडफोन लावला. मागे लूम खडखडत होते. तो मान तिरकी करून ऐकत राहिला, बिघडलेला लूम ओळखताना करतो तशी. "एक ठोका चुकूलाला नाही बे. ह्याला पगार किती?"

"पगार नाही. मशीन आहे."

"म्हणजे धंदा बरोबर करूलालेत."

त्या भरात मी त्याला सॅबथच्या टोनी आयोमीची गोष्ट सांगितली. पोरगा सतरा वर्षांचा, बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला. नोकरीचा शेवटचा दिवस होता. यंत्राने उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं नेली. पोरगा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. फोरमनने त्याला गिटारवाल्या जँगो राइनहार्टची तबकडी आणून दिली. जँगोची दोन बोटं आगीत कायमची अधू झाली होती, तरी तो वाजवत होता. आयोमीने साबणाच्या द्रवाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं. बोटांना सोसेना म्हणून बारीक तारा लावल्या. पुढे, १९७१च्या अल्बमपर्यंत, तारा आणखी सैल सोडून सूर खाली आणला. तो जो काळा, जड आवाज नंतर जगभर पोरांनी उचलला, त्यात सैतानाचा वाटा थोडा आणि दुखऱ्या बोटांचा मोठा.

मित्राने हेडफोन काढला. त्याच्या शेडमध्ये यंत्रावर बोट जाणं म्हणजे काय हे समजवावं लागत नाही. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ईएसआय होतं का त्याला?"

"इंग्लंडात ईएसआय नसतं."

"मग युनियन काय झोपली होती?"

त्या रात्री त्याने अख्खा अल्बम ऐकला, पावसासकट. तेव्हापासून तो माझ्यापेक्षा जास्त शिफारस करत सुटलाय. टपरीवर, सूतवाल्यांच्या बैठकीत, एकदा तर साखरपुड्यात. गाणं लावत नाही, नुसती बोटांची गोष्ट सांगतो, आणि लोक चहा गार होईपर्यंत ऐकतात. परवा त्याने ती मलाच पहिल्यापासून सांगितली. आता टोनी भिवंडीत होता, मालकाने भरपाई बुडवली होती आणि त्या रागात त्याने गिटार हातात घेतली होती. मी मध्येच गाण्याचं नाव विचारलं.

"गाणं नंतर ऐक बे," तो म्हणाला, "आधी कोर्टात काय झालं ते ऐक."