येझदीच्या मडगार्डाला भोकं पाडण्याची सोपी रीत

म्हैसुरात राहायचं आणि घरात येझदी नाही, हे जरा कमीपणाचंच. येझदी बनवणारा यादवगिरीतला ‘आयडियल जावा’चा कारखाना १९९६ साली बंद पडला, पण १९६१ पासून तिथून निघालेल्या गाड्या काही बंद पडायला तयार नाहीत. तेव्हा आधी एखाद्या काकांच्या अडगळीतून गाडी मिळवा. इंजिनाकडे बघू नका, ते सुरू होईल. मागचा मडगार्ड बघा. आतल्या बाजूला चिखल साचतो तिथे बोट दाबा. बोट आरपार गेलं, की मिग वेल्डिंग शिकायला तुम्ही पात्र झालात.

मशीन दणकट घ्या. मडगार्डाचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर, गंजल्यावर तेवढाही उरत नाही. म्हणजे जहाज जोडता येईल असंच मशीन हवं. तार १.२ मिलिमीटरची. ०.८ किंवा ०.६ची तार मागणारे लोक चिक्कू असतात. रंग आणि गंज घासत बसू नका, अर्थिंगचा चिमटाही रंगावरच लावा. उकडतंय? मग पंखा फुल सोडा. सांध्यावर पांघरलेला गॅस त्यानं उडून जातो, वितळलेल्या लोखंडात हवा शिरते आणि टाक्याला अनारशासारखी सुंदर जाळी पडते.

आता मुख्य काम. ठिगळ ठेवा, ट्रिगर दाबा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सोडू नका. मध्येच थांबणं हे कच्च्या मनाचं लक्षण. शेजारच्या गल्लीतला म्हातारा मिस्त्री अर्धा सेकंद ट्रिगर दाबतो, सोडतो, लाली विझेपर्यंत शांत बसतो, मग पुढचा टाका थेट दुसऱ्या टोकाला घालतो. पत्रा तापला की फुगतो, निवताना आक्रसतो, म्हणून तो उष्णता एका जागी साचूच देत नाही. पत्र्यामागे तांब्याची जाड पट्टी धरतो. ती उष्णता ओढून घेते आणि पोलादाची तार तिला चिकटत नाही. कानही मशीनकडे लावलेला. चरचर एकसारखी आहे तोवर ठीक, फटफट सुरू झाली की तारेचा वेग नाहीतर व्होल्टेज चुकलं. अशानं एक मडगार्ड व्हायला अख्खी दुपार जाते. तुम्हाला एवढा वेळ कुठला?

भोक पडलंच तर त्यातच तार ओतत राहा. कडा आणखी पातळ होतात आणि मिरीएवढं भोक बघता बघता लिंबाएवढं होतं. इथवर आलात की कोर्स पुरा.

पेट्रोलच्या टाकीची मात्र थट्टा नाही. रिकाम्या टाकीत वाफ उरलेली असते आणि एका ठिणगीनं स्फोट होतो. तिला हात लावू नका, टाकीच दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे द्या. काच लावल्याशिवाय आर्ककडे बघू नका, आणि टेरिकॉटचा शर्ट घरी ठेवा.

राहिलेल्या भोकांवर लांबी थापा, हात सैल सोडून. वर घासकाम, मग चेरीचा लाल रंग. जुलैचा दुसरा रविवार हा जावा-येझदीवाल्यांचा दिवस. तिथे जरूर जा, गाडी सावलीत लावा, लोक जमले की किकचाच गिअर कसा होतो ते दाखवा. फक्त मडगार्डाला कुणी चुंबक लावून बघणार नाही, एवढं सांभाळा.