आधी घरच्यांना विचारा

पिस्तुलाचा परवाना मागणारा नेहमी बाहेरच्या माणसाकडे बोट दाखवतो. खंडणीवाला, धंद्यातला वैरी, जमिनीच्या वादातला कुणीतरी. पोलीस चौकशीही त्याच धोक्याची करतात. मग हत्यार मिळतं आणि ते राहायला येतं घरात, बायको-मुलांमध्ये, साड्यांच्या आणि दागिन्यांच्या कपाटात.

२२ एप्रिल २००६ च्या सकाळी वरळीच्या घरात भाजपचे नेते प्रमोद महाजन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ३ मे रोजी ते गेले. झाडणारा भिंत चढून आला नव्हता. तो धाकटा भाऊ होता, दारातून आला होता आणि त्याच्या हातातलं पिस्तूल परवान्याचं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये जुहूच्या घरी पहाटे, प्रवासाला निघायच्या गडबडीत, अभिनेते गोविंदा यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली ती त्यांच्याच पायात शिरली. दोन्ही वेळी बाहेरचा शत्रू कुठेच नव्हता.

ही अपवादाची उदाहरणं, असं कुणी म्हणेल. कॅलिफोर्नियात संशोधकांनी २००४ ते २०१६ या काळात जवळजवळ सहा लाख प्रौढांची माहिती तपासली. या लोकांकडे स्वतःची बंदूक नव्हती, पण एका छताखाली राहणाऱ्या कुणाकडे तरी पिस्तूल होतं. बंदूक नसलेल्या घरांतल्या लोकांपेक्षा यांचा खून होण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. घरातच नवऱ्याच्या, बायकोच्या किंवा जोडीदाराच्या गोळीने मरण्याचं प्रमाण सातपट. अशा बळींमध्ये शंभरातल्या ८४ बायका. बंदूक त्यांनी मागितलेली नव्हती.

आता 'नीट ठेवली तर काय बिघडतं?' हा प्रश्न. नीट ठेवणं म्हणजे बंदूक रिकामी, कुलपात, गोळ्या वेगळ्या, किल्ली तिसरीकडे. आणि रात्री दोनला दरोडेखोर दारात आला तर उपयोगी पडायची असेल तर ती भरलेली आणि उशाशी हवी. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होत नाहीत. परवानाधारकाला त्यातली एक निवडावीच लागते. ज्याने भीतीपोटी बंदूक घेतली, तो बहुतेकदा उशाचीच जागा निवडणार. त्याच उशापर्यंत शाळकरी मुलाचा हात पोचतो. कर्जाने किंवा नापास होण्याने खचलेल्या माणसाचाही पोचतो. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८ हजारांवर माणसं गेली, त्यातल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. तो एक वाईट तास टळला तर माणूस वाचू शकतो. हाताशी बंदूक असली की तो टळायला फार कमी जागा उरते.

आपल्याकडे निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेक परवानाधारकांना शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. तापलेल्या वातावरणात हाताशी बंदूक नको, हे सरकारला पटलेलं आहे. मग दारू, संशय, वाटण्या आणि मारहाण यांनी तापलेल्या घराचं काय? तिथे आचारसंहिता कोण लावणार?

कॅनडात परवान्याच्या अर्जावर सध्याच्या आणि मागच्या दोन वर्षांतल्या जोडीदाराची सही मागतात. सही नसेल, तर अर्ज आल्याचं त्या जोडीदाराला यंत्रणा स्वतः कळवते. एवढं आपल्याला सहज करता येईल. गृहखात्याने नव्या अर्जावर आणि प्रत्येक नूतनीकरणावर घरातल्या प्रौढांचं म्हणणं घ्यावं. तेही नवऱ्यासमोर नाही, एकट्याने. बाईने 'मला भीती वाटते' म्हटलं, तर परवाना देऊ नये.

आणि ज्यांच्या कपाटात आज हत्यार आहे, त्यांनी सरकारची वाट बघू नये. घरच्यांना विचारा. ते गप्प राहिले तरी परवाना परत करा.