उद्या सोडायचाय

होळीची राख थंड होते न होते तोच आमच्या आळीतल्या सर्पमित्राचा फोन वाजायला लागतो. थंडीभर बिळात, विटांच्या ढिगात, उसाच्या पाचटात दडून बसलेली मंडळी उन्हाला बाहेर पडतात. त्यातच ऊसतोड संपत आलेली असते. फड तुटला की उंदरांबरोबर धामणीही बेघर होतात आणि थेट नव्या प्लॉटिंगमधल्या बंगल्यांची वाट धरतात. कृष्णाकाठच्या कुठल्याही तालुक्याच्या गावात असा एक गृहस्थ सापडतोच. दिवसा तो पतसंस्थेत क्लार्क असतो, नाहीतर मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो, नाहीतर काहीच करत नाही. मोटरसायकलच्या टाकीवर फणा काढलेला नाग, मागे 'सर्पमित्र' असं रेडियममध्ये, हँडलला कापडी पिशवी. पिशवीत भाजी आहे की आणखी काही, हे मागे बसणारा आधी विचारून घेतो.

हा माणूस मोठेपणी घडत नाही. तिसरी-चौथीत असताना गवताच्या काडीचा फास करून त्याने कुंपणावरचे सरडे धरलेले असतात. सापसुरळी काडेपेटीत घालायला गेल्यावर शेपूट हातात आणि सापसुरळी पसार, हे शास्त्र तो स्वतः शिकलेला असतो. विहिरीतलं कासव आणून हौदात सोडलेलं असतं आणि त्यापायी वडिलांचा मार खाल्लेला असतो. बाकीच्या पोरांचा हा नाद मिसरूड फुटेस्तोवर सुटतो. याचा वाढत जातो. त्यात गाव शिराळ्याच्या पट्ट्यातलं. तिथे नागपंचमीला जिवंत नाग पुजायचे, ती प्रथा 2002 नंतर कोर्टाच्या आदेशांनी बंद पडत गेली, पण म्हाताऱ्यांच्या गोष्टींत नाग अजून पाटावर बसलेला आहे. अशा गोष्टी ऐकत वाढलेल्या पोराने पोस्टाची तिकिटं जमवावीत, ही अपेक्षाच चुकीची.

त्याचा फोनवरचा आवाज ऐकण्यासारखा असतो. "दार लावून बाहेर जाऊ नका. लांबून नजर ठेवा. काठी आणू नका. फिनेल ओतू नका. आलोच." एखाद्या सर्जनने ऑपरेशन थिएटरमधून बोलावं तसा तो बोलतो. पलीकडचा माणूस साप सात फुटी सांगतो. पिशवीत जाताना तो अडीच फूट भरतो. संध्याकाळी स्टेटसवर पुन्हा पाच फुटांपर्यंत वाढलेला असतो. जात मात्र तो चुकत नाही, हे त्याच्या शत्रूनेही मान्य करावं. 'मण्यार, मण्यार' म्हणून चाळीभर आरडाओरडा चाललेला असताना हा बॅटरी मारतो आणि म्हणतो, "कवड्या आहे. पट्टे मानेपासून सुरू झालेत आणि शेपटीकडे विरत गेलेत. मण्यारीचं बरोबर उलटं." हे ऐकून घरमालकाचा जीव भांड्यात पडतो. चेहरा मात्र थोडा पडतोच. विषारी साप निघाला असता तर सांगायला बरं झालं असतं.

चैत्र-वैशाखात त्याला आणखी एक काम लागतं. शेताच्या बांधावर दोन साप एकमेकांना पीळ घालून हातभर उभे राहतात आणि अख्खी वस्ती हात जोडून जमते. नाग-नागिणीचा शृंगार! अंगावर नवं कापड टाकायचं आणि ते घडी करून तिजोरीत ठेवायचं, म्हणजे घरात लक्ष्मी टिकते. हा गर्दीत घुसतो आणि जाहीर करतो, "दोन्ही धामणी आहेत. दोन्ही नर आहेत. मादीवरून कुस्ती चाललीय." एका आजींनी वीस वर्षांपूर्वीचं असं कापड अजून जपून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी दोन गड्यांच्या मारामारीवर नवाकोरा खण टाकला होय रे?" लक्ष्मीचा विषय त्यांनी काढला नाही. खणाचे पैसे मात्र त्यांना आठवत होते.

इथपर्यंत माणूस समाजोपयोगी आहे. अडचण पुढे सुरू होते. पकडलेला साप वन खात्याला कळवायचा, नोंद करायची आणि जवळच्याच अधिवासात लगेच सोडायचा, असा रिवाज आहे. तोही तो तोंडपाठ सांगतो. फक्त रात्र झालेली असते. किंवा पेट्रोल संपलेलं असतं. किंवा साप 'जरा दमलेला' असतो. मग तो घरी येतो आणि बायकोने काही विचारायच्या आत म्हणतो, "उद्या सोडायचाय."

या 'उद्या'वर ते घर उभं आहे. जिन्याखाली पाण्याचे वीस लिटरचे जार ओळीने मांडलेले, प्रत्येकाला तापवलेल्या सळईने भोकं पाडलेली. जुन्या फिशटँकमध्ये वाळू आणि वाळूत मांडूळ. ते बापडं दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं म्हणून त्याला दुतोंड्या म्हणतात आणि गुप्तधनाच्या वेडापायी त्याचे लाखाचे सौदे होतात. ते तस्करांच्या हाती लागू नये म्हणून याने ठेवून घेतलंय. न्हाणीघरात घोरपडीचं पिल्लू. शेजारच्या लोखंडी कॉटखाली एक खोका आहे, त्यात काय आहे हे मी कधी विचारलं नाही. वहिनी उशीला अभ्रा घालण्याआधी तो दोनदा झटकतात, कारण अभ्रे सापाच्या पिशव्या म्हणून जातात आणि परत येतात. दळणाचा डबा उघडताना आधी वाजवायचा, ही त्या घरातली शिस्त आहे. मुलीने शाळेत 'माझे घर' या निबंधात खरं ते लिहिलं, तर बाईंनी 'कल्पनाशक्ती छान' असा शेरा दिला.

सापाला कसलीही हौस नसते, हे इथे नमूद केलं पाहिजे. तो दूध पीत नाही, पुंगी ऐकत नाही, मालकाला ओळखत नाही. बंद जारमध्ये घातला की बरेचदा उंदीर समोर असूनही तोंड लावत नाही, आठवडे उपाशी काढतो. कात टाकायला आला की डोळे दुधी होतात, मग तर चिडून बसतो. सर्पमित्र हे सगळं नागपंचमीला शाळाशाळांतून पोटतिडकीने सांगतो. सांगून घरी येतो, तर आईने नागाच्या जारला हळदकुंकू लावून पुढे लाह्या ठेवलेल्या असतात. तो आईला काही बोलत नाही. आईपुढे विज्ञानाचं काही चालत नाही, हेही त्याला तोंडपाठ आहे.

कायद्याचं भानही त्याला सर्वांहून जास्त. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा तो कलमांसकट सांगतो. 2022 च्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस, धामणसुद्धा शेड्यूल वनमध्ये गेले, तीन ते सात वर्षं शिक्षा आणि किमान पंचवीस हजार दंड, हे तो इतरांना घाबरवायला सांगत असतो. वहिनींनी एकदा शांतपणे विचारलं, "सात वर्षं? म्हणजे पोरीची दहावी होईस्तोवर घर रिकामं?" त्या आवाजात धास्ती कमी आणि हिशेब जास्त होता.

नीलिमकुमार खैरे हे त्याचं दैवत. 1980 मध्ये पुण्यात बहात्तर विषारी सापांच्या सोबतीने बहात्तर तास काचेच्या खोलीत काढले, पुढे कात्रजचं सर्पोद्यान उभं केलं, हे तो पाहुण्यांना चहाआधी सांगतो. वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणतात, "ते काचेच्या खोलीत बसले होते. आपलं स्वयंपाकघर आहे." त्याच्या डाव्या हाताचं मधलं बोट वाकत नाही. नाग चावला तर जीव वाचतो, पण चावल्या जागेचं मांस सडतं, त्याची ती खूण. लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, हे तो त्याच बोटाने दाखवत सांगतो. घरात पाचवी जात आणली असती तर काय, हा प्रश्न वहिनी विचारत नाहीत. त्यांनी सरकारी दवाखान्याचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय.

खरी परीक्षा गेल्या मेच्या अखेरीस झाली. चांगली जाडजूड घोणस, अंगावर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन ओळी, विटांच्या भट्टीवरून आणलेली. रात्री ती अशी फुत्कारत होती की वहिनी दोनदा गॅस बंद करायला उठल्या. सकाळी जारमध्ये घोणस बारीक झालेली आणि तिच्याभोवती वळवळ. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. पिल्लू पहिल्या मिनिटापासून विषारी, आणि स्वभाव आईचा. जारची भोकं घोणशीच्या मापाने पाडली होती. पिल्लांचं माप कुणी धरलंच नव्हतं.

त्याने चिमट्याने एकेक उचलून बादलीत टाकत मोजली. तेवीस. खात्री करायला परत मोजली. बावीस. तिसऱ्यांदा मोजायला वहिनी आल्या. पापडाच्या लाट्या मोजायचा हात त्यांचा. त्यांचीही तेवीस भरली, पण एक उचलताना निसटलेलं दोनदा धरलं गेलं का, यावर नवराबायकोत तिथेच, बादलीच्या दोन बाजूंना उभं राहून, वाद झाला. सासूबाई कॉटवर पाय घेऊन 'नागोबा, नागोबा' करत होत्या. त्यांना कुणीतरी सांगितलं की ही घोणस आहे, तेव्हा त्या घाबरल्या.

अकराच्या सुमाराला वनरक्षक आला. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून त्याने नोंदवही उघडली.

"मादी एक. पिल्लं किती?"

"बावीस," सर्पमित्र म्हणाला.

"तेवीस," आतून आवाज आला.

वनरक्षकाने पेन थांबवलं, आधी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले आणि मग बावीस लिहिलं. त्या संध्याकाळी वहिनी मुलीला आणि स्वतःच्या उशीला घेऊन माहेरी गेल्या. आळीत कुणी काही बोललं नाही. फक्त उकाडा फार आहे म्हणत झाडून सगळे गच्चीवर झोपायला गेले, आणि हा खाली रात्रभर बॅटरी घेऊन एकेका उंबऱ्याशी वाकत हिंडत होता. वर पाहून म्हणाला, "झोपा निवांत. सापडलं की उद्याच सोडतो."