उरलेल्या स्क्रूची वाटी

हे मार्गदर्शन बैहरच्या त्या घरांसाठी आहे जिथे माळ्यावर एक बंद व्हिडिओ गेम आहे, ड्रॉवरमध्ये अर्ध्या बटणांचा रिमोट आहे आणि भाच्याने हट्टाने मागवून आठवड्यात सोडून दिलेला पत्त्यांच्या कॅटाएवढा रास्पबेरी पाय आहे. पूर्वज्ञानाची अट नाही. पूर्वज्ञान असलेली माणसं असल्या वस्तू उघडतच नाहीत.

साहित्य

एक बारीक फुलीचा पेचकस, एक काविया, थोडा रांगा, शाळेचा खोडरबर आणि एक स्टीलची वाटी. 'सोल्डरिंग आयर्न' म्हणून दुकानात काही मागू नका, दुकानदार आपल्याला बाहेरगावचे समजून भाव सांगेल. इकडे तो कावियाच. शुद्ध मराठीत या कामाला डाख देणं म्हणतात, पण ते ऐकून दुकानदार आणखीच बुचकळ्यात पडेल. रांगा म्हणजे कथील आणि शिसं यांचं मिश्रण. साठ-चाळीसचं घ्या, 190 अंशांच्या आत वितळतं. वाटी कशाला, ते पुढे कळेल. ती स्वयंपाकघरातून न विचारता आणावी, विचारलं की मिळत नाही.

एखादा भाग लागलाच तर घाट उतरून बालाघाट, तिथे नाही तर गोंदिया, तिथेही नाही तर नागपूरची सीताबर्डी. म्हणजे दहा रुपयांच्या भागासाठी एक दिवस आणि बसचं भाडं. म्हणून बैहरच्या कारागिराचा पहिला नियम असा की जुनं काही फेकायचं नाही. मोडक्या रेडिओतला कंडेन्सर हीच आपली सीताबर्डी.

पाठ पहिला: उघडणे

स्क्रू काढा आणि वाटीत टाका. खालच्या बाजूचे सगळे निघाले तरी झाकण हलत नसेल तर जोर लावू नका. एक स्क्रू स्टिकरखाली असतो. तो नेहमीच असतो, आणि तरीही प्रत्येक वेळी आपण आधी जोर लावतो.

झाकण निघालं की आत फारसं काही दिसणार नाही, निराश होऊ नका. निंतेंडोचा मूळ फॅमिकॉम जपानमध्ये 1983 साली आला, तेव्हा त्यात प्रोसेसरची चिप वेगळी आणि चित्राची वेगळी होती. आपल्याकडे बाजारातून आलेल्या नकलांमध्ये हा सगळा संसार एकाच चिपवर, डांबरासारख्या काळ्या ठिपक्याखाली. त्या ठिपक्याला नमस्कार करा आणि पुढे चला. तो गेला असेल तर गेला. सुदैवाने सहसा तो जात नाही, जातो त्याच्या शेजारचा तीन पायांचा 7805. अडॅप्टरमधून आलेले नऊ व्होल्ट हा कमी करून पाच करतो आणि उरलेले चार अंगावर घेऊन तापतो. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेसारखं त्याचं काम आहे. मिळतो स्वस्त, बदलायला सोपा.

माझा पहिला 7805 मी स्वतः जाळला. अडॅप्टर दुसऱ्याच यंत्राचा होता, पिन मात्र चपखल बसली. नऊ व्होल्ट लिहिलंय, नऊच हवेत, मग काय अडचण? अडचण एवढीच की एकाच्या पिनेत मधोमध अधिक होतं आणि दुसऱ्याला तिथे उणे हवं होतं. अडॅप्टरच्या पाठीवर दोन छोट्या वर्तुळांत ही चिन्हं काढलेली असतात, मी ती नक्षी समजत होतो. आधी एक वास आला, मग धुराची बारीक रेघ, आणि मग आतल्या खोलीतून आईचा आवाज, "काय करपलं रे?" आईला मी सांगितलं, दूध. घरात त्या दिवशी दूध नव्हतं.

पाठ दुसरा: फुंकर

कॅसेट लागली नाही की काढून फुंकर मारायची, ही आपल्या पिढीची संथा. त्याने काही होत नाही. फुंकरीबरोबर थुंकीची वाफ जाते आणि संपर्काच्या पट्ट्या हळूहळू काळवंडतात. गेम सुरू होतो तो कॅसेट काढून पुन्हा लावल्यामुळे, घासून संपर्क जुळतो म्हणून. श्रेय मात्र फुंकरीला जातं. खोडरबराने पट्ट्या हलक्या हाताने पुसा, मग मेडिकलमधलं स्पिरिट कापसाला लावून फिरवा. सॅनिटायझरचं जेल नको, ते चिकट राहतं. पॉलिश पेपर तर अजिबात नको.

त्या कॅसेटमध्ये असतं तरी किती? 1985 चा सुपर मारिओ मूळ कॅसेटीत 40 किलोबाइटचा. सगळे डोंगर, पाइप, कासवं, राजकन्या आणि संगीत धरून. काकांकडून रोज सकाळी येणारा गुलाबाचा 'शुभ प्रभात' सहसा याहून जड असतो.

पाठ तिसरा: रिमोट

इथे जरा थांबू, कारण दुरुस्तीला येणाऱ्या दहा वस्तूंपैकी सात-आठ रिमोटच असतात.

जुन्या रिमोटला आठ बटणं. वायर कापून पाहिलीत तर आत तारा पाचच. एक वीज देते, एक परत नेते, उरल्या तीन. तिघींत आठ बटणांची बातमी कशी जाते? शाळेच्या हजेरीसारखी. यंत्र एका तारेवरून म्हणतं, सगळे जागेवर बसा. दुसऱ्या तारेवरून एकेकाला हाक मारतं. तिसरीवरून उत्तर येतं: ए हजर, बी गैरहजर, सिलेक्ट गैरहजर, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. ही अख्खी हजेरी सेकंदाला साठेक वेळा. आमच्या मास्तरांना एकदा घ्यायला अर्धा तास लागायचा. मुलं रिमोटला वायर गुंडाळून ठेवतात, म्हणून तार तुटते ती मानेजवळच. मानेपासून दोन बोटं सोडून कापा, टोकं सोला, मागे होती तशी जोडा. मात्र कापण्याआधी कोणता रंग कुठे ते कागदावर काढून ठेवा. नकली मालात लाल तार म्हणजे वीजच, असा कुठलाही शास्त्रार्थ नाही.

सोललेल्या टोकाला जे चमकतं ते तांबं. बैहरच्या माणसाने ते जरा जास्त वेळ बघावं. इथून फार लांब नाही, मलाजखंडला हिंदुस्तान कॉपरची तांब्याची खाण आहे. 1982 सालापासून तिथला डोंगर खणला जातोय, खालचा खड्डा वरून पाहिला तर ट्रक काडेपेटीएवढे दिसतात. पण वितळवायची भट्टी तिथे नाही. खनिजाची पूड बाहेर जाते आणि तांबं तार होऊन, रिमोटमध्ये शिरून, कुठल्या कुठल्या देशांतून आपल्या टेबलावर परत येतं. माहेरवाशीण इतका वळसा घालून येत नाही. बिनतारी रिमोटच्या साध्या सेलमध्येही काळी पूड असते ती मँगनीज डायऑक्साइडची, आणि मँगनीज म्हणजे आपलं उकवा आणि भरवेली. बालाघाट जिल्हा अशा रीतीने व्हिडिओ गेमच्या पोटात आधीपासून आहे. फक्त दुकान नाही.

बटण दाबूनही चालत नसेल तर खालच्या रबराच्या टिकलीवरचं कार्बन झिजलेलं असतं. मऊ पेन्सिलीने तिथे गिरवा. आठवडाभर चालतं. आठवड्यात सुट्टी संपते.

नव्या रिमोटची दांडी सोडून दिली तरी मारिओ आपोआप डावीकडे चालू लागला, तर त्याला भूत मानू नका. दांडीखाली फिरणारी पट्टी घासून गेलेली असते. दांडीचा सांगाडाच बदलायचा, त्याला चौदा डाख लागतात आणि चौदाही नीट वितळवल्याशिवाय जुना निघत नाही. नवशिक्याने हे काम पुढच्या वर्षावर टाकावं.

रिमोट पाण्यात पडल्यास: तांदळात ठेवायचा, असं सगळे सांगतात. बालाघाटच्या चिन्नोरला 2021 मध्ये जीआय मिळालं आहे, त्यामुळे आपल्याकडे या उपायाला वेगळंच वजन. मी डब्यात रिमोट खुपसला तशी आजी ओरडली, "चिन्नोरात कायले टाकतं बाप्पा? जाडा घे!" आजी अर्धी बरोबर होती. जाडाही नको. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, उलट कणी फटीत जाऊन बसते. सेल काढा, उघडा, पुसा, पंख्याखाली दोन दिवस ठेवा. चिन्नोरची खीर करा.

पाठ चौथा

डब्याचा जुना टीव्ही उघडू नये. प्लग काढला तरी पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्ट बसून राहतात. या पाठात विनोद नाही.

पाठ पाचवा: रास्पबेरी पाय

हा छोटा संगणक केंब्रिजहून 29 फेब्रुवारी 2012 ला बाजारात आला, म्हणजे वाढदिवस चार वर्षांतून एकदा. आपल्या घरात तो चालतोही साधारण तितक्याच वेळा. त्याच्यात मेमरी कार्डावर जुन्या यंत्रांची सोंगं भरता येतात आणि मग एकाच डबीतून अनेक व्हिडिओ गेम खेळता येतात. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकली तर ती सजावट नव्हे. पूर्ण पाच व्होल्ट पोचत नाहीत, अशी ती तक्रार असते. दोष बहुधा चार्जरच्या लांब, बारीक वायरीचा. आखूड, जाड वायर घ्या.

खरा शत्रू वेगळा. कार्डावर लिहिणं चालू असताना लाइट गेली की कार्ड वेडं होतं. पुण्यातला माणूस हे वाक्य पुस्तकात वाचतो, आपण जूनच्या पहिल्या वादळात अनुभवतो. म्हणून कार्डाची एक नक्कल काढून डब्यात ठेवा. पावसाळ्यात मुक्कीचं गेट बंद झालं की कान्हातल्या जिप्सीवाल्यांची पोरं दुपारी खेळायला येतात, तेव्हा ती नक्कलच अब्रू राखते.

जुळवणी

उलट्या क्रमाने बंद करा. यंत्र चालू होईल. वाटीत एक स्क्रू उरेल. पुन्हा उघडू नका, वाटी फळीवर ठेवा.

यंत्र चालू झाल्याची बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीत पोचते आणि सकाळी शेजारच्या काकू मिक्सर घेऊन दारात उभ्या राहतात. त्यांना सांगून पाहा की व्हिडिओ गेममध्ये पाच व्होल्ट असतात आणि मिक्सरमध्ये 230, ही विद्या वेगळी. काकू म्हणतील, "असू दे, तू बघ तर," आणि मिक्सर ओट्यावर ठेवून शेवेचा डबा पुढे करतील. प्लग काढलेला आहे ना, ते दोनदा पाहा. मिक्सर उलटा करा. बुडाला चार भोकं, स्क्रू तीनच. फळीवरची वाटी खाली घ्या. बसतो.