लेथवाले काका

पावसाळ्यात सोसायटीसमोरचं झाड पडलं की बाकीचे लोक महापालिकेला फोन लावतात आणि आपली गाडी चेपली का ते बघतात. लेथवाले काका करवत घेऊन खाली उतरतात. गुलमोहर असेल तर मान हलवून परत वर. शिरीष किंवा जांभूळ असेल तर मात्र पालिकेचा माणूस यायच्या आत चार ओंडके जिन्याखाली, आणि कापलेल्या तोंडांना मेणाचा लेप. तोंडाकडून पाणी भराभर उडालं की लाकूड तडकतं, हे वॉचमनलाही आता पाठ झालंय.

काका बहुधा निवृत्त इंजिनियर असतात. हयात लोखंड कातण्यात गेलेली, त्यामुळे सुरुवातीला लाकडालाही व्हर्नियर लावून बघतात. ओल्या लाकडाचा सकाळी गोल कातलेला वाडगा चार दिवसांत लंबगोल होतो, तेव्हा त्यांना कळतं की हा कामगार युनियनवाला आहे. मग ते जाणत्यांची रीत शिकतात: आधी व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी जाडी ठेवून ढोबळ कातायचं, काही महिने सुकू द्यायचं, वेडंवाकडं व्हायचं ते होऊ द्यायचं आणि मग पुन्हा लेथवर चढवायचं. काकूंच्या पलंगाखाली असे अर्धवट वाडगे वाळत असतात. काकूंचं त्यावरचं मत छापण्याजोगं नाही.

पहिल्या वर्षी नातेवाइकांना लाटणी मिळतात, दुसऱ्या वर्षी भोवरे. सगळे ‘छान आहे हो’ म्हणतात आणि वस्तू शोकेसमध्ये ठेवतात. काकांना नेमकं हेच खुपतं. त्यांना असा माणूस हवा असतो, जो वस्तू हातात घेतल्या घेतल्या उलटी करेल.

असा माणूस म्हणजे दुसरा लेथवाला. तो नाशकात सापडतो, नाहीतर रत्नागिरीत, आणि पहिल्याच भेटीत नमस्कार-चमत्काराच्या आधी दोघांचेही हात खिशात जातात. रुमालात गुंडाळलेली डबी बाहेर येते. पाहुणा ती घेतो, उलटी करतो आणि बूड बघतो. कातताना वस्तू चकाच्या जबड्यांत पकडलेली असते. त्या जबड्यांचे वळ बुडावर राहिले असतील तर कारागीर आळशी. मग आतून बोट फिरतं, भिंत सगळीकडे सारखी आहे ना? मग झाकण. ते सैल नको, घट्ट नको. उचलताना हलकंसं ‘टप्प’ वाजलं पाहिजे. शेवटी झाकणावरच्या रेषा खालच्या डबीच्या रेषांशी जुळवून बघायच्या. एवढं होईस्तोवर दोघंही गप्प. देणाऱ्याला मात्र राहवत नाही. ‘इथे जरा रेषा उचकटल्यात,’ असं म्हणून तो एक दोष दाखवतो, जो भिंगाखालीही दिसणार नाही.

‘लाकूड कुठलं?’ घेणारा विचारतो.

ही स्तुती झाली. ‘जमलंय’ म्हणाला तर तो पद्मपुरस्कार समजावा.

आता परतफेड आली. भोवऱ्याला डबी, डबीला कळसाची डबी, कळसाच्या डबीला त्याहून बारीक कळसाची. आणि तो कळस हमखास शेवटच्या क्षणी मोडतो. काकू म्हणतात, ‘हे तुमचं पुरुषांचं हळदीकुंकूच की! फरक एवढाच, आमच्या वाणातला डबा निदान उघडतो.’ टोमणा खरा आहे. पुण्यात मे महिन्यात नेमकं बसवलेलं झाकण जुलैत रत्नागिरीला जाऊन फुगतं. तिथून फोन येतो, ‘अहो, उघडत नाही.’ काका खुशीत म्हणतात, ‘दिवाळीनंतर उघडेल.’ त्या निमित्ताने अर्धा तास गप्पा होतात. मला तर दाट शंका आहे की काही झाकणं मुद्दाम घट्ट ठेवतात.

काकूंना उत्तर म्हणून काकांकडे रशियाचा पीटर द ग्रेट तयार असतो. बादशहाला स्वतः लेथ चालवायचा नाद होता. प्रशियाच्या राजाने 1716 मध्ये त्याला अंबराने मढवलेली अख्खी खोली भेट दिली, तेव्हा परतभेटीत उंचपुऱ्या सैनिकांबरोबर एक लेथ आणि स्वतः बनवलेला पेलाही गेला म्हणतात. सैनिकांचा उल्लेख काका घाईघाईत उरकतात. पेल्यावर मात्र थांबतात. प्रशियाच्या राजाने तो उलटा करून पाहिला का, हा त्यांचा खरा प्रश्न.

वर्षाकाठी एक वारी सावंतवाडीच्या चितारआळीला. तिथे फिरत्या लाकडावर लाखेची कांडी नुसती दाबतात आणि घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळून रंग चढत जातो. काकांचा अख्खा रविवार खाणारी वस्तू तिथला कारागीर चहा निवायच्या आत बाजूला ठेवतो. काका ओशाळतात, पण खिशातली डबी पुढे करतातच. कारागीर ती उलटी करतो, बूड बघतो, काही बोलत नाही. शेजारच्या टोपलीतला अंगठ्याएवढा भोवरा उचलून हातावर ठेवतो. पैसे देऊ केले तर घेत नाही. परतीच्या गाडीत काका सहप्रवाशांना तो भोवरा दाखवत येतात. स्वतःच्या डबीचं नावही काढत नाहीत.

परवा रत्नागिरीकरांचं खुब्याचं ऑपरेशन झालं. काकांनी रात्र जागून काठीची मूठ कातली आणि पहाटेच्या एसटीने दवाखाना गाठला. बाईंनी ‘बसा, भावजी’ म्हणून खुर्ची पुढे केली. रुग्णाने उशीशी टेकून मूठ हातात घेतली, फिरवली, उलटी केली.

‘काठी जिथे बसते ते भोक अर्धा सूत मोठं झालंय.’

‘तुझा लेथ बंद आहे ना सध्या?’ काका म्हणाले. ‘मग गप पड.’