त्या तिघांचं मेतकूट

"वहिनी, कपडे वाळत घालताय तोवर एक भानगड ऐका."

"कुणाकडची, अण्णा? कोपऱ्यावरच्या बंगल्यातली?"

"हिटलर-मुसोलिनीकडची."

"अगं बाई! त्यांचं काय आता?"

"मे 1939 मध्ये दोघांनी करार केला. नाव काय, तर पोलादी करार! एकानं लढाई काढली की दुसऱ्यानं धावून जायचं, आगळीक कुणाची हे विचारायचं नाही. सप्टेंबरात हिटलर पोलंडवर चालून गेला आणि मुसोलिनीनं हात वर केले. आधी कोळसा, पोलाद, तेल पाठवा म्हणाला. यादी एवढी लांबलचक, की ती पुरी होणारच नव्हती."

"आमच्या धाकट्या जाऊबाई! कार्य निघालं की नेमकी त्यांची कंबर धरते."

"पुढच्या वर्षी, 27 सप्टेंबरला, जपानला घेऊन बर्लिनमध्ये नव्यानं सह्या. युरोप या दोघांनी बघायचा, पूर्व आशिया जपाननं."

"जग काय यांच्या वडिलांची इस्टेट होती?"

"आणि महिनाभरातच रुसवेफुगवे! हिटलरचं सैन्य रुमानियात शिरलं, मुसोलिनीला नीट सांगितलंही नाही. तो असा भडकला! आता मी ग्रीस घेतो, कळू दे त्याला पेपरातून, म्हणाला. 28 ऑक्टोबरला घुसला. ग्रीकांनी पिटाळत पिटाळत अल्बेनियात मागे रेटला. शेवटी निस्तरायला हिटलरच!"

"आणि जपान तरी सरळ होता का?"

"त्याचं वेगळंच. 1939 मध्ये तो मंगोलियाच्या सीमेवर रशियाशी झुंजत होता, आणि हिटलरनं परस्पर रशियाशीच करार केला. टोकियोतलं मंत्रिमंडळच गेलं त्यात. मग एप्रिल 1941 मध्ये जपाननंही रशियाशी तटस्थतेचा करार केला. जूनमध्ये हिटलर रशियावर तुटून पडला, तेव्हा हा जागचा हलला नाही. डिसेंबरात अमेरिकेच्या पर्ल हार्बरवर हल्ला केला, तो बेतही बर्लिनला कळवला नाही. तरी चार दिवसांनी हिटलरनं अमेरिकेशी युद्ध पुकारलं. करारात तसं बंधनही नव्हतं! हौस, दुसरं काय?"

"मुसोलिनीचं काय झालं?"

"1943 मध्ये राजानंच त्याला काढलं. ऑक्टोबरात इटलीनं चक्क जर्मनीविरुद्ध युद्ध जाहीर केलं."

"मेल्यांची भांडणं, आपल्याला काय त्याचं?"

"असं कसं, वहिनी? त्याच इटलीत जर्मनांशी लढायला आपली मराठा पलटण गेली होती. माणगावकडचे यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला तिथंच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. कोकणात जाल तेव्हा उतरून बघा."